हिरव्या पानाचा सांडवा

निरभ्र आकाशाखाली भर दुपारी एक चौरस मीटर पानांवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांची, म्हणजे फोटॉनांची, संख्या लिहायची तर एकावर एकवीस शून्ये द्यावी लागतील, आणि तरीही ती थोडी कमीच भरेल. हे मोजमाप फक्त वनस्पतींच्या उपयोगी पडणाऱ्या, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतच्या प्रकाशाचे आहे. गहू, भात किंवा सोयाबीनच्या उन्हातल्या पानाला यातला चौथा हिस्सा ते निम्मा प्रकाश मिळाला, की त्याचा साखर बनवण्याचा वेग कमाल मर्यादेला पोचतो. त्यापुढे ऊन कितीही वाढले तरी साखर वाढत नाही. ऊन मात्र पडतच राहते, आणि पान सावलीत पळून जाऊ शकत नाही. प्रकाशसंश्लेषणाचा विषय निघाला की आपण हरितद्रव्याचे कौतुक करतो ते ऊन पकडणारा पदार्थ म्हणून. माझे म्हणणे असे, की हे कौतुक अपुऱ्या जागी थांबते. ऊन शोषून घेणे ही रंगद्रव्याची सर्वांत सोपी कामगिरी आहे. शोषलेली ऊर्जा क्षणार्धात योग्य जागी पोचवणे आणि जास्तीची ऊर्जा स्वतःला इजा न होऊ देता सोडून देणे, या दोन कामांवर पानाचे जगणे अवलंबून असते. पान हिरवे का, काही झाडांची नवी पालवी तांबडी का आणि पिकांचे उत्पन्न वाढवणे इतके अवघड का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना याच दोन कामांपाशी यावे लागते.

आधी शोषण म्हणजे काय ते पाहू. फ्रान्समधल्या पेलेतिए आणि काव्हाँतू या रसायनतज्ज्ञांनी पानांतला हिरवा पदार्थ वेगळा काढून १८१८ मध्ये त्याला क्लोरोफिल हे नाव दिले. त्याच्या रेणूत मॅग्नेशियमच्या अणूभोवती एक सपाट कडे असते आणि त्या कड्याला लांब शेपूट जोडलेले असते. कड्यातले काही इलेक्ट्रॉन एकाच अणूला बांधलेले नसतात, ते सगळ्या कड्यावर पसरलेले असतात. नेमक्या ऊर्जेचा फोटॉन येऊन धडकला की असा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी घेतो. ही उडी मोजूनमापून ठरलेली असते. सुमारे ४३० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा-जांभळा आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश तिला जुळतो, मधला हिरवा फारसा जुळत नाही. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी १८८२ मध्ये याचा देखणा पुरावा दिला. त्यांनी शेवाळाच्या एका तंतूवर लोलकातून निघालेला रंगपट्टा पाडला आणि भोवतीच्या पाण्यात ऑक्सिजनकडे ओढ घेणारे जिवाणू सोडले. जिवाणूंची दाटी तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत झाली, हिरव्यात ते विरळ राहिले. कोणत्या रंगात ऑक्सिजन जास्त तयार होतो हे जिवाणूंनीच दाखवून दिले. निळ्या फोटॉनमध्ये तांबड्यापेक्षा ऊर्जा बरीच जास्त असते, पण पानाला तिचा लाभ मिळत नाही. निळ्या फोटॉनने फार वर उडालेला इलेक्ट्रॉन डोळ्याचे पाते लवण्याच्या अब्जांश वेळेआधीच तांबड्या फोटॉनच्या पातळीवर उतरतो आणि मधला फरक उष्णता होऊन जातो. पुढच्या व्यवहारात दोघांचीही किंमत सारखीच धरली जाते.

प्रकाश शोषणारा पदार्थ काही दुर्मीळ नव्हे. काळे कापड जवळजवळ सगळाच प्रकाश शोषते आणि तापते, तेवढ्यावर गोष्ट संपते. क्लोरोफिलची उत्तेजित अवस्थाही फार टिकत नाही. एकट्या रेणूत ती काही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांत, विझते. पालकाची पाने कुटून स्पिरिटमध्ये भिजवली, गाळून हिरवा अर्क काढला आणि त्यावर नोटा तपासायचा अतिनील दिवा धरला, तर अर्क गडद तांबडा चकाकतो. हे तांबडे तेज म्हणजे वाया जाणारी ऊर्जा आहे. सेंद्रिय द्रावणातले क्लोरोफिल शोषलेल्या प्रत्येक शंभर फोटॉनांपैकी तीसच्या आसपास असे परत फेकते आणि बाकीच्यांची ऊर्जा बहुतांशी उष्णतेत जाते. जिवंत पानात मात्र हे परत फेकले जाणारे तेज साधारण एक-दोन टक्केच असते. रेणू तोच, प्रकाश तोच, तरी परिणाम इतका वेगळा. याचा अर्थ, पानाची ताकद एकट्या रेणूच्या गुणांतून येत नाही. ती त्या रेणूंच्या मांडणीत आहे, आणि मांडणी मोडली की क्लोरोफिल हे एक साधे रंगद्रव्य उरते.

या मांडणीचा पहिला सुगावा १९३२ मध्ये लागला. अमेरिकेत रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम आर्नल्ड यांनी क्लोरेला नावाच्या हिरव्या शैवालावर अत्यंत अल्पकाळाचे, प्रखर प्रकाशझोत टाकले आणि प्रत्येक झोतागणिक किती ऑक्सिजन निघतो ते मोजले. झोत इतका प्रखर होता की प्रत्येक क्लोरोफिल रेणूने आपापले काम केले असते तर ऑक्सिजनचा पूर आला असता. प्रत्यक्षात सुमारे २५०० क्लोरोफिल रेणूंमागे ऑक्सिजनचा एकच रेणू बाहेर पडला. एका ऑक्सिजन रेणूसाठी आठ फोटॉन तरी लागतात, हे पुढे पक्के झाले. तो हिशेब धरला तर सुमारे तीनशे रेणूंचा एक गट मिळून एका केंद्राला ऊर्जा पुरवतो असा अर्थ निघतो. बहुसंख्य क्लोरोफिल स्वतः रसायन घडवतच नाहीत, ते फक्त गोळा करतात आणि पुढे देतात. या व्यवस्थेचे कारण समजायला धरणाचे उदाहरण पुरेसे आहे. एकट्या रेणूवर कडक उन्हातही सेकंदाला मोजकेच फोटॉन पडतात, ढगाळ दिवशी किंवा दाट सावलीत त्याहून कितीतरी कमी. तेवढ्यासाठी प्रत्येक रेणूशेजारी पाणी फोडणारी महागडी यंत्रणा उभारणे म्हणजे माळरानावरच्या प्रत्येक खड्ड्याला भिंत बांधण्यासारखे. त्यापेक्षा विस्तीर्ण पाणलोट क्षेत्रातले थेंब एका जलाशयात आणणे शहाणपणाचे. अँटेना म्हटले जाणारे रंगद्रव्यांचे हे गट म्हणजे पानाचे पाणलोट क्षेत्र.

आता या पाणलोटातून ऊर्जा वाहते कशी? इथे कोणताही पदार्थ हलत नाही. उत्तेजित रेणू आपली ऊर्जा शेजारच्या रेणूला देतो आणि स्वतः शांत होतो. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फोर्स्टर यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार ही देवघेव अंतराच्या सहाव्या घाताने मंदावते. दोन रेणूंमधले अंतर दुप्पट झाले तर वेग चौसष्टपट कमी होतो. म्हणजे रेणू जवळजवळ हवेत. पण फार जवळ आले, एकमेकांना चिकटले, तर ऊर्जा उष्णतेत विरून जाते. द्रावणात क्लोरोफिल दाट केले की नेमके हेच होते आणि त्याचे तेज मावळते. पानात क्लोरोफिल त्याहून दाट असूनही तसे होत नाही, कारण प्रत्येक रेणू प्रथिनाच्या कोंदणात ठरलेल्या अंतरावर आणि ठरलेल्या कोनात बसवलेला असतो. पालकाच्या पानातल्या मुख्य अँटेना-प्रथिनाची बारकाईची रचना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या एका घटकात चौदा क्लोरोफिल आहेत, आठ ‘ए’ प्रकारची आणि सहा ‘बी’ प्रकारची, शिवाय चार कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या कुळातली रंगद्रव्ये. ‘बी’ प्रकारचे रेणू थोड्या वरच्या ऊर्जापातळीवर असतात, ‘ए’ प्रकारचे खालच्या. त्यामुळे ऊर्जेला उताराची दिशा मिळते. एका रेणूकडून दुसऱ्याकडे जायला तिला बहुधा सेकंदाच्या अब्जांशाचाही हजारावा भाग किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. ऊर्जा विझायला नॅनोसेकंद लागतात आणि ती केंद्रात त्याच्या कितीतरी आधी पोचते. ही शर्यत जिंकण्यासाठीच सगळी मांडणी आहे.

केंद्रात पोचल्यावर ऊर्जेचे रूप बदलते. तिथल्या खास क्लोरोफिलमधून इलेक्ट्रॉन बाहेर ढकलला जाऊन शेजारच्या रेणूकडे जातो आणि मागे धन प्रभार उरतो. आतापर्यंत क्षणिक असलेली उत्तेजना इथे विजेच्या रूपात अडकवली जाते. अशा दोन प्रकारच्या यंत्रणा हरितलवकात एकापुढे एक काम करतात. त्यातल्या फोटोसिस्टिम-दोनच्या केंद्रात इलेक्ट्रॉन गमावलेले क्लोरोफिल इतके हपापलेले असते की ते शेवटी पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेते. सजीवसृष्टीत याच्याइतका जबरदस्त ऑक्सिडीकारक सापडत नाही. आपण श्वासावाटे घेतो तो ऑक्सिजन या ओढाताणीतून सुटलेला आहे. निरोगी, सावलीत विसावलेल्या पानात मंद प्रकाश सोडला तर या यंत्रणेने शोषलेल्या शंभर फोटॉनांपैकी सुमारे त्र्याऐंशी ते पंच्याऐंशी फोटॉन खरोखर हे काम घडवतात. दुसऱ्या यंत्रणेत हे प्रमाण जवळपास शंभरापर्यंत जाते. माणसाने बनवलेल्या कोणत्याही रंगद्रव्याला हेवा वाटावा अशी ही कार्यक्षमता आहे. पण मंद प्रकाशाची अट विसरून चालणार नाही, कारण दुपारच्या उन्हात चित्र पालटते.

केंद्रे आधीच भरलेली असताना फोटॉन येतच राहिले, तर उत्तेजित क्लोरोफिलला ऊर्जा द्यायला जागा उरत नाही. ते जास्त काळ उत्तेजित राहते आणि त्याच्या इलेक्ट्रॉनची फिरकी उलटून ते एका दीर्घायू अवस्थेत जाण्याची शक्यता वाढते. अशा क्लोरोफिलला ऑक्सिजन भेटला की ऑक्सिजनचे अतिशय आक्रमक रूप तयार होते आणि ते आसपासची प्रथिने, मेदपटले, खुद्द क्लोरोफिल, जे सापडेल त्याची नासधूस करते. ऑक्सिजन तर पान स्वतःच बनवत असते. हा धोका खरा किती, हे १९५५ मध्ये जांभळ्या जिवाणूंवरच्या एका प्रयोगात दिसले. त्यांच्या एका उत्परिवर्तित वाणात रंगीत कॅरोटिनॉइड बनत नव्हते. हे जिवाणू ऑक्सिजनविरहित उजेडात नीट वाढले, अंधारात हवेतही जगले. उजेड आणि हवा एकत्र मिळताच ते मेले. शेतीतला अनुभवही हेच सांगतो. नॉरफ्लुराझॉनसारखी काही तणनाशके क्लोरोफिलला हातही लावत नाहीत, ती कॅरोटिनॉइडची निर्मिती तेवढी थांबवतात. तरी नवी पाने उन्हात पांढरी पडतात, कारण संरक्षक गेला की क्लोरोफिल उन्हानेच जळते. रंगद्रव्यांच्या या कुळाला पाठ्यपुस्तके ‘साहाय्यक’ म्हणतात. निळा-हिरवा प्रकाश गोळा करून ते मदत करतेही. पण त्याचे पहिले काम क्लोरोफिलची घातक ऊर्जा स्वतःवर घेऊन ती निरुपद्रवी उष्णतेत बदलण्याचे आहे.

धरणाची भिंत कितीही भक्कम असली तरी सांडवा नसेल तर पहिल्या मोठ्या पुरातच ती धोक्यात येते. पानालाही सांडवा आहे, आणि त्याचे दरवाजे आपोआप उघडतात. ऊन वाढले की हरितलवकाच्या आतल्या पिशव्यांत आम्लता वाढते. त्या आम्लतेने जागे झालेले एक विकर व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचे काही मिनिटांत झीझँथिनमध्ये रूपांतर करते. त्याबरोबर अँटेनातली प्रथिने आपली ठेवण जराशी बदलतात आणि जास्तीची ऊर्जा केंद्राकडे न जाता उष्णता होऊन बाहेर पडू लागते. पानाचे ते मंद तांबडे तेज याचा साक्षीदार आहे. काउट्स्की आणि हिर्श या शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये पाहिले की अंधारातून उजेडात आणलेल्या पानाचे तेज आधी वाढते आणि मग ओसरते. त्या चढउतारातून पानाच्या आतल्या घडामोडी वाचण्याचे शास्त्र पुढे उभे राहिले. अलाहाबादहून १९५६ मध्ये अमेरिकेत अर्बाना येथे गेलेले गोविंदजी यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, आणि आता हे तेज उपग्रहांवरूनही मोजले जाते. एवढा बंदोबस्त असूनही थोडे नुकसान रोज होतेच. फोटोसिस्टिम-दोनमधले डी-एक नावाचे प्रथिन उन्हात सतत मोडते आणि पान ते सतत नव्याने बनवून बसवते. सह्याद्रीत वसंतात कोशिंबाची पालवी लालभडक दिसते, आंब्याची तांबूस. कोवळ्या पानांत साखर बनवण्याची यंत्रणा अजून अपुरी असते, म्हणून अँथोसायनिन नावाचे लाल रंगद्रव्य उन्हाचा काही भाग अडवून त्यांचे रक्षण करते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. किडींपासून बचाव हे दुसरे कारणही सुचवले जाते आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

यावर पहिला आक्षेप साहजिकच असा, की पान इतके कसबी असेल तर ते हिरवे कशाला, काळे का नाही? हिरवा प्रकाश परत पाठवणे ही उधळपट्टीच नव्हे काय? आधी वस्तुस्थिती दुरुस्त करायला हवी. पान हिरवा प्रकाश सगळा परतवत नाही. साधारण पान सत्तर ते नव्वद टक्के हिरवा प्रकाशही शोषते, फक्त तांबड्या-निळ्याच्या तुलनेत ते थोडे जास्त परतवते आणि तेवढ्याने आपल्या डोळ्याला ते हिरवे दिसते. तांबडा आणि निळा प्रकाश पानाच्या वरच्या थरांतच संपतो. हिरवा एकेका क्लोरोफिलला हुकत, पेशींमध्ये इकडेतिकडे आपटत, खालच्या थरांपर्यंत उतरतो आणि तिथे शोषला जातो. जपानमध्ये इचिरो तेराशिमा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सूर्यफुलाच्या पानांवर दाखवले, की प्रखर पांढऱ्या उजेडात आणखी थोडा प्रकाश द्यायचा तर तांबड्यापेक्षा हिरवा जास्त उपयोगी ठरतो. वरचे थर तृप्त झालेले असतात, खालचे अजून भुकेले असतात. काळ्या पानात सगळा भार वरच्या थरावर कोसळला असता. शिवाय हिरवा प्रकाश शोषणे सजीवांना जमलेच नाही असेही नाही. कोकण-गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला दिसणारी तांबडी समुद्री शैवाले फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्याने हिरवा प्रकाशच टिपतात, कारण खोल पाण्यात तांबडा प्रकाश पोचत नाही. जिथे उजेडाची चणचण आहे तिथे उत्क्रांतीने ती सोय केली. जमिनीवरच्या झाडांचा हिरवेपणा अंशतः पूर्वजांकडून आलेला वारसा असेल, हे मी नाकारत नाही. पण त्या वारशाने झाडांचे नुकसान होते, असे पुरावा म्हणत नाही.

दुसरा आक्षेप सौरपट्टीचा. छतावरची चांगली पट्टी वीस टक्के सूर्यप्रकाशाची वीज करते. पानाची सैद्धान्तिक कमाल मर्यादाही भात, गहू, सोयाबीनसारख्या पिकांत ४.६ टक्के आणि ऊस, ज्वारी, मका यांत ६ टक्के एवढीच निघते, असा हिशेब २००८ मध्ये मांडला गेला. शेतातले प्रत्यक्ष प्रमाण त्याहून पुष्कळ कमी असते. मग कौतुक कशाचे? पण या गळतीचा जमाखर्च मांडला की दिसते, ती रंगद्रव्याच्या पायरीवर फार थोडी होते. निम्म्याहून थोडा जास्त सूर्यप्रकाश मुळात अशा तरंगलांबींचा असतो की तो या रसायनाला चालतच नाही. पुढची मोठी घट कार्बन डायऑक्साइड बांधून साखर बनवताना आणि वनस्पतीच्या श्वसनात होते. ऊस-ज्वारीची मर्यादा वर आहे ती त्यांचे क्लोरोफिल वेगळे आहे म्हणून नव्हे, त्यांची कार्बन बांधण्याची पद्धत सरस आहे म्हणून. शिवाय सौरपट्टी वीज देऊन मोकळी होते. पान ऊर्जा साखरेत साठवते, स्वतःची दुरुस्ती करते आणि स्वतःच स्वतःला घडवते. दोघांची तुलना एका टक्केवारीवर करणे अन्याय्य आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सांडव्याचे दरवाजे उघडतात झटपट, पण मिटतात सावकाश. ढग आला किंवा वरच्या पानाची सावली पडली तरी काही वेळ ऊर्जा उष्णता होऊन वाया जातच राहते. तेव्हा पान गरजेपेक्षा जास्त सावध आहे, असे का म्हणू नये? हाच तर्क धरून अमेरिकेतल्या इलिनॉय आणि बर्कली येथील गटांनी तंबाखूत तीन जनुके वाढवून हे दरवाजे लवकर मिटतील अशी सोय केली. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या शेतचाचण्यांत झाडांचे वजन सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले, आणि २०२२ मध्ये सोयाबीनच्या काही वाणांत दाण्याचे उत्पन्न तेहतीस टक्क्यांपर्यंत वाढल्याचे कळवले गेले. दुसऱ्या एका प्रयोगात तंबाखूची अँटेनाच लहान केली, तर दाट लागवडीत वाढ चांगली झाली, कारण वरची पाने गरजेपुरताच उजेड घेऊन उरलेला खाली सोडू लागली. हे निष्कर्ष माझ्या म्हणण्याला छेद देतात असे वाटेल, पण ते त्याला बळकटीच देतात. दोन्ही ठिकाणी फायदा झाला तो जास्त प्रकाश पकडल्याने नव्हे, पकडलेल्या प्रकाशाची वाटणी सुधारल्याने. आणि हेच बदल अरेबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या आवडत्या रोपात केले, तेव्हा २०२० मधल्या अहवालानुसार वाढ सुधारण्याऐवजी खुंटली. एका झाडाला जास्तीची वाटणारी सावधगिरी दुसऱ्याला पुरेशीही नसते.

रानातले झाड दुष्काळ, थंडी, ऊन-सावलीचा खेळ आणि शेजाऱ्यांशी स्पर्धा अशा सगळ्यांना तोंड देत घडले. त्याला सरासरी वर्षी भरघोस वाढण्यापेक्षा वाईट वर्षी तगून राहणे महत्त्वाचे होते. शेतात पाणी, खत आणि दाट पेरणी माणूस ठरवतो. तिथे रानातली काटेकोर सावधगिरी थोडी सैल करता येईल, अशी आशा वाजवी आहे. पण ती कुठे आणि किती सैल करायची हे पिकागणिक, हवामानागणिक तपासावे लागेल. इलिनॉयच्या उन्हाळ्यात ठरलेले माप मराठवाड्यातल्या, पावसाने दडी मारलेल्या ऑगस्टला लागू पडेलच असे नाही. पाणी तुटले की पानाची रंध्रे मिटतात, आत येणारा कार्बन डायऑक्साइड घटतो आणि एरवी सोसवणारे ऊनही अतिरिक्त ठरते. तेव्हा सांडव्याची गरज सर्वांत जास्त असते. म्हणून पीकसुधारणेच्या प्रत्येक नव्या दाव्याला एक प्रश्न आवर्जून विचारला पाहिजे: चांगल्या वर्षात या वाणाने किती जास्त दिले, एवढेच नव्हे, तर कोरड्या, तापलेल्या वर्षात त्याची पाने शाबूत राहिली का? रंगद्रव्यांचा दोन शतकांचा अभ्यास आपल्याला हा प्रश्न विचारायला शिकवतो, आणि अन्नाची निकड वाढत असताना त्याचे उत्तर शेतातच मिळवावे लागेल.